चाकात अडकलेली लिंबाची बी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, जिच्याजवळ मी एरवी सगळं ओकून टाकते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि तरी आपण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चहा घेऊन बसलोय असं धरून सांगतेय, कारण त्याशिवाय हे माझ्या तोंडून निघायचं नाही.

सुट्टीसाठी भाड्याने घेतलेल्या एका गाडीवर ओरखडा पडला. झालं — एवढंच. कुणाला लागलं नाही, कुणी मेलं नाही. गाडीचा सगळा विमा उतरवलेला होता, त्यामुळे खिशाला चाटसुद्धा बसली नाही. तुम्ही म्हणाल, बाई, मग एवढं काय? मीही स्वतःला कितीतरी दिवस हेच विचारत होते. एवढं काय?

माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचं. चूक कुठल्या पायरीवर शिरली, त्याआधी सगळं ठीक होतं का, नंतर ती कुठे कुठे पसरली — यात मला खरोखर रस वाटतो, पगार मिळतो म्हणून नव्हे. तर स्वतःच्या चुकीकडेही एकदा तसंच बघावं म्हणते. रडायला काय, कधीही येतं.

आधी बाबांविषयी सांगायला हवं. बाबा म्हणजे माझे सासरे. नागपूरचे, पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या, त्यामुळे घरी एकटे. पण एकटेपणाचं रडगाणं कधी नाही. रविवारी बुद्धविहारात मुलांना विज्ञानाचे प्रयोग करून दाखवायचे, आणि कार्यक्रम संपला की तिथल्या म्हाताऱ्या माणसांना आपल्या गाडीतून घरोघरी सोडायचे. ऐकलं म्हणून मानायचं नाही, आधी तपासून बघायचं — त्यांचा धर्म विचाराल तर हा. आमच्याकडे इंग्लंडला, मेडनहेडमध्ये आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना प्रश्न पडला की कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, दोन रंगांच्या डब्यांतला कचरा ट्रकमध्ये तरी वेगळा राहतो का. मग सकाळी स्वेटर घालून फुटपाथवर ट्रकची वाट बघत उभे! राहतो वेगळा, असं आत येऊन त्यांनी समाधानाने सांगितलं.

मला गाडी त्यांनी शिकवली. लग्नानंतर व्हिसाची वाट बघत मी काही महिने नागपुरात होते. माझ्या माहेरी, पुण्यात, गाडीच्या स्टिअरिंगला फक्त माझ्या वडिलांचा हात लागायचा. बाबांनी मात्र मला सरळ मैदानावर नेलं आणि किल्ली हातात दिली. मी गाडी कितीदा बंद पाडली असेल! एकदाही आवाज चढवला नाही. "घाबरू नको. गाडी सांगत असते सगळं, तू ऐक फक्त," एवढंच म्हणायचे.

आणि माझं माहेर? नवी गाडी आली की नारळ, हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढच्या दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू. गाडी पुढे घ्यायची, लिंबं फुटली की दृष्ट टळली. बाबांना हे माहीत होतं आणि ते त्यावर हसायचे — दुखवून नाही, गमतीने. लिंबाचं सरबत करून प्यायलं तर चालवणाऱ्याला तरी फायदा, म्हणायचे. मीही त्यांच्यासोबत हसायचे. त्यांचे मित्र घरी आले की ते माझी ओळख करून द्यायचे — "ही आमची सून. पुराव्याशिवाय बोलत नाही." मला ते फार आवडायचं. किती आवडायचं ते पुढे कळेल.

तर, उत्तर वेल्सला जायचं ठरलं. आमच्याकडे तेव्हा गाडी नव्हती. स्टेशन घरापासून पायी अंतरावर, दोघं ट्रेनने ऑफिसला जाणार, हवी कशाला? म्हणून भाड्याची घ्यायची. काउंटरवरच्या मुलीने विचारलं की कोण कोण चालवणार, तेव्हा सुमेधच्या — माझ्या नवऱ्याच्या — लायसन्सशेजारी बाबांनी आपलं नागपूरचं लायसन्स ठेवलं. पाहुण्याला पहिलं वर्षभर आपल्या देशाच्या लायसन्सवर इथे गाडी चालवता येते, हे त्यांनी आधीच शोधून ठेवलं होतं. लायब्ररीतून इथल्या रहदारीच्या नियमांचं पुस्तक आणून सुमेधची परीक्षाही घेतली होती, आणि सुमेध राउंडअबाउटमध्ये नापास झाला होता. मुलीने लायसन्स उलटसुलट करून पाहिलं आणि कागदावर त्यांचं नाव घातलं. माझं नाव नव्हतं. मी इथली टेस्ट द्यायचं वर्षानुवर्षं टाळत आले होते, माझ्याकडे फक्त शिकाऊ लायसन्स होतं.

किल्ली मिळाल्यावर गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढायचा असतो, म्हणजे परत देताना वाद नको. ते काम बाबांनी घेतलं. एखाद्या धरणाची पाहणी चालावी तसे ते हळूहळू फिरले, तोंडाने नोंद करत — "उजवी पुढची बाजू, स्वच्छ. उजवी मागची, स्वच्छ. डावी मागची, स्वच्छ." तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

डोंगराच्या पोटाशी दगडी कॉटेज होतं, समोर छोटं अंगण, अंगणाला आयव्हीच्या वेलीने झाकलेल्या दोन दगडी खांबांचं फाटक. एक दिवस समुद्रावर गेलो. जाताना सुमेधने चालवली. भिंतीवर बसून फिश अँड चिप्स खाल्ले, आजूबाजूची सगळी मंडळीही तेच करत होती, लिंबं पिळून. परत येताना बाबा म्हणाले, आता मी. एकच गाडी मावेल असा रस्ता, दोन्हीकडे दगडी भिंती, समोरून कुणी आलं की मागे घेत पासिंग प्लेसला जायचं. बाबा एकदाही बिचकले नाहीत. समोरचा हात वर करून आभार मानायचा, हेही हात वर करायचे आणि खूश व्हायचे. फाटकाशी मी उतरले, गाडीच्या मागे राहून दोन्ही खांबांकडे बघत "जाऊ द्या, अजून पुढे" करत राहिले. पण त्यांना माझी गरजच नव्हती. गाडी सरळ पुढे, अलगद आत गेली, मागचा भाग फाटकाच्या खांबांजवळ.

उतरून ते गाडीच्या मागे आले, डाव्या कोपऱ्यावर तळहात टेकवला आणि म्हणाले, "घे फोटो. विहारातल्या लोकांना दाखवतो, म्हातारा वेल्सचा घाट चढला म्हणून." उन्हाळ्यातली संध्याकाळ, भरपूर उजेड. मी फोटो काढला. हा फोटो लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी मला लवकर जाग आली. पुण्यात तेव्हा सकाळ टळून गेलेली असते, म्हणून आईला फोन लावला. डोंगर, अरुंद रस्ते, बाबांनी चालवलेली गाडी — मी कौतुकाने सांगत होते आणि तिला घाम फुटत होता.

"अगं, पण लिंबू ठेवलं का चाकाखाली?"

"आई, भाड्याची गाडी आहे. आपली नाही."

"भाड्याची असली म्हणून काय झालं? बसलायत तर तुम्हीच ना! आणि म्हातारा माणूस चालवतोय. माझ्यासाठी ठेव. मी काय तुझ्याकडे दुसरं मागते?"

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? हो म्हणून फोन ठेवायचा आणि काहीच करायचं नाही. जगातल्या सगळ्या लेकी हेच करतात. मी मात्र फोन ठेवल्यावर फ्रिज उघडला. का? माझा विश्वास होता का लिंबावर? याचा मी मनापासून तपास केलाय आणि उत्तर सापडलेलं नाही. विश्वास नव्हता. पण बाबा चालवत होते, रस्ते अरुंद होते, आणि आईचा आवाज कापरा होता. नुकसान तर काही नाही ना — असं म्हणून मी दोन लिंबं घेतली, हुकवरची किल्ली घेतली आणि बाहेर आले. दोघं झोपलेले होते. ते उठायच्या आत लिंबं फोडून, फेकून, मोकळं व्हायचं होतं.

पुढच्या चाकांसमोर लिंबं ठेवली. आत बसले. बटण दाबलं. आवाजच नाही! नागपूरची आमची गाडी सुरू झाली की गल्लीला कळायचं. ही हायब्रिड, ऑटोमॅटिक. ब्रेकवरचा पाय उचलला तर ती आपली आपण पुढे सरकली. लिंबं फुटली, तेवढं कळलं. मग मागे घ्यायची. माझा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला, क्लच कुठला — ब्रेक दाबला गेला, गाडी गचकन थांबली, मी दचकून पाय उचलला, गाडी पुन्हा मागे सरकली, स्टिअरिंग वळलेलंच होतं. आणि मागून आवाज आला. कर्र. फार मोठा नाही. दगडाने पत्र्याला हळूच काहीतरी सांगितल्यासारखा.

मी उतरून पाहिलं. डाव्या मागच्या कोपऱ्यावर हातभर लांब ओरखडा आणि पोचा. खांबावर पांढरा रंग लागलेला. मी आयव्ही ओढून तो रंग झाकला. गाडी पहिल्या जागी आणून लावली — बघा कसं असतं, तेव्हा मात्र अगदी नीट जमली. चाकाखालची फुटकी लिंबं उचलून भिंतीपलीकडे मेंढ्यांच्या कुरणात टाकली. हात धुतले. किल्ली हुकला लावली. आणि चहा ठेवला.

इथपर्यंतचं मी स्वतःला माफ करू शकले असते. खरंच. माणूस घाबरतो, लपवतो, तासाभराने सांगतो. मी सांगणारच होते. वाक्यसुद्धा तयार होतं — "सुमेध, माझ्याकडून एक घोळ झालाय."

पण चालवायला बसण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारायची बाबांची सवय. चहा झाल्यावर ते बाहेर गेले आणि त्यांची हाक आली, "सुमेध, इकडे ये जरा." आवाजात राग नव्हता, कुतूहल होतं. आम्ही दोघं गेलो तर बाबा कोपऱ्यापाशी उकिडवे बसलेले, चष्मा कपाळावर चढवलेला.

सुमेध म्हणाला, जाऊ दे, विमा आहे, फोन करून कळवू, संपलं. त्याच्या लेखी खरंच संपलं होतं. पण बाबांचं कसं संपणार? हे झालं कधी आणि कसं, ते त्यांना कळायला हवं होतं. कुणाला दोष द्यायचा म्हणून नाही. पाणी कुठून झिरपतंय ते इंजिनिअरला बघावंच लागतं, तसं. आणि मी त्यांच्या शेजारी उभी होते, हातात चहाचा कप, ओठावर ते वाक्य. त्याच वेळी त्यांनी मान वर करून मला विचारलं, "काल फाटकातून आत घेताना तू मागे होतीस ना? खांबाला लागली नव्हती?"

"नाही बाबा. खांबाला अजिबात नाही लागली."

त्या सकाळी मी बोललेलं एवढंच निखळ खरं वाक्य. त्यांनी लगेच मान हलवली आणि फाटक आपल्या मनातून काढून टाकलं — मी सांगितलं म्हणून. पुराव्याशिवाय न बोलणाऱ्या सुनेने सांगितलं म्हणून. खांबाकडे ते गेलेच नाहीत. गेले असते आणि आयव्ही बाजूला केली असती तर?

मग ते चाकं बघू लागले. आणि पुढच्या चाकाच्या खाचेतून त्यांनी नखाने काहीतरी कोरून काढलं. तळहातावर ठेवून वास घेतला.

"लिंबाची बी," ते म्हणाले. "वास आहे अजून. इथे कुठून आली?"

आता तुम्ही मला विचाराल, तेव्हा का नाही बोललीस? आणि इथेच माझा सगळा तपास अडतो. विम्याची भीती होती, माझं कागदावर नाव नव्हतं — हे बहाणे मी नंतर शोधले, तेव्हा ते मनातही नव्हते. मनात एकच चित्र होतं. मी सांगतेय की लिंबं मी ठेवली होती, आणि बाबा माझ्याकडे बघतायत. ते हसले असते. नक्की हसले असते, जन्मभर चिडवलं असतं, सरबत मागितलं असतं. पण "पुराव्याशिवाय बोलत नाही" म्हणताना त्यांच्या डोळ्यांत जे असायचं ते पुन्हा तसंच दिसलं असतं का, याची मला खात्री नव्हती. एवढ्यासाठी. एका माणसाच्या नजरेतला आपला मोठेपणा जाऊ नये, एवढ्यासाठी. मला लाज वाटते, आणि लाजेहून जास्त नवल वाटतं. इतकं स्वस्त?

बाबा बीकडे बघत विचार करत होते. मी बोलले.

"काल तिथे समुद्रावर सगळे मासे खात होते ना, लिंबं पिळून."

एवढंच. खोटं यात काही नाही, सगळे खातच होते. पण मला ठाऊक होतं मी काय करतेय. बाबांचा चेहरा बदलताना मी पाहिला. एक एक कडी जुळत गेली. बी समुद्रावरच्या पार्किंगमधली. म्हणजे तिथून निघताना गाडी कचऱ्यावरून गेली. तिथून गाडी मागे घेऊन बाहेर काढली होती. मागे बुटकी भिंत होती. आणि चालवत कोण होतं?

"म्हणजे मी लावली," बाबा म्हणाले.

इतका निर्मळ तर्क! शोधलेली वस्तू खरी, प्रत्येक पायरी नीट, आणि उत्तर साफ चुकीचं. माझ्या कामात असं दिसलं असतं तर मी आनंदाने टीममधल्या सगळ्यांना दाखवलं असतं.

सुमेध म्हणाला, "बाबा, सोडा ना, होतं असं, मीही लावली असती." पण बाबांना ओरखड्याचं दुःख नव्हतंच. ते म्हणाले, "लागली हे ठीक आहे रे. पण मला आवाज कसा आला नाही? संध्याकाळी त्याच कोपऱ्यावर हात टेकवला, तेव्हाही लक्षात आलं नाही? पत्रा इतका घासला आणि मला कळलंच नाही?" दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा आवाज बारीक झाला होता. मला एकदम त्यांचे मोठे भाऊ आठवले. शेवटची काही वर्षं त्यांना विस्मरणाचा आजार होता. स्वतःच्या मुलाला ओळखत नव्हते. बाबांनीच त्यांची सेवा केली होती. सुरुवात कशी झाली ते बाबा कधीतरी सांगायचे — घडलेली गोष्ट घडलीच नाही असं दादांना वाटायचं, तिथून.

मला हे आठवलं, हे तुम्हाला मुद्दाम सांगतेय. मला कळत नव्हतं असं नाही.

तरीही बाबा ते बाबाच. अजून एक खात्री करायची म्हणाले. "कालचे फोटो बघू. समुद्रावरून निघाल्यानंतरचा एखादा फोटो असेल, त्यात कोपरा दिसला तर कळेल." सुमेधच्या फोनमध्ये समुद्र होता, गाडीचं नाक होतं, मागचा कोपरा कुठेच नव्हता.

मी म्हटलं, माझा फोन चार्जिंगला आहे, आणते. आत गेले, बाथरूमचं दार लावलं. फोटो उघडला. बाबा हसतायत, तळहात कोपऱ्यावर, आणि हाताखालचा पत्रा कोरा करकरीत. त्यांची निर्दोष सुटका माझ्या हातात होती.

मी फोटो डिलीट केला.

ओरखडा, लिंबं, ते मासळीचं वाक्य — हे सगळं मी तुम्हाला आधी सांगितलं ना? ते इथपर्यंत येण्याचं धैर्य गोळा करण्यासाठी. खरा कबुलीजबाब या एका बोटाचा आहे.

मग बाहेर येऊन मी फोन सरळ बाबांच्या हातात दिला. त्यांनी सगळे फोटो मागेपुढे करून बघितले. "आणि इथे आल्यावर काढलास तो?"

"तो हललेला आला होता, बाबा. मी काढून टाकला."

"अच्छा," ते म्हणाले. फोन परत दिला. किल्ली सुमेधला दिली. उरलेली सगळी सुट्टी ते मागच्या सीटवर बसले, खिडकीतून मेंढ्या बघत. गाडी परत द्यायला गेलो तेव्हा त्यांनी स्वतः पुढे होऊन काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, आपल्या इंग्रजीत, अगदी स्पष्ट — ही चूक माझ्याकडून झाली. ती म्हणाली, काही हरकत नाही, कव्हर आहे. ते थँक यू म्हणाले.

डिलीट केलेला फोटो लगेच जात नाही, हे तुम्हाला माहीतच असेल. फोनच्या कचरापेटीत काही आठवडे राहतो, खाली उरलेले दिवस दिसत असतात. बाबा नागपूरला परत गेले. मी रोज सकाळी लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनला जाणाऱ्या ट्रेनमध्ये बसले की तो उघडून बघायचे. परत आणायला एक बटण पुरेसं होतं. मी बघायचे आणि बंद करायचे. कुणी मला विचारलं असतं की काय करतेयस, तर मी काय सांगितलं असतं? खरंच माहीत नाही. जखमेवरची खपली आपण का बघतो?

बाबांनी तिकडे डोळे तपासून घेतले. डोळे उत्तम. कान तपासले. कानही उत्तम. आम्हाला हायसं वाटलं, सुमेधने फोनवर मोठमोठ्याने सांगितलं, बघा, मी म्हणत नव्हतो? पण बाबांचा तर्क पुढच्या पायरीवर गेला होता. डोळे ठीक, कान ठीक — मग उरलं काय? डोकं. एका रविवारी फोन आला. गाडी विकली म्हणाले. विहारातल्या लोकांना आता दुसरं कुणी सोडेल, आपल्या हातून कुणाला लागायला नको. सहज, हवापाण्याच्या गप्पांमध्ये सांगावं तसं सांगितलं. मी स्पीकरवर ऐकत होते.

त्या दिवशी फोटो अजून फोनमध्ये होता. दिवस शिल्लक होते. मी बघितले.

आणि मग एका सकाळी तो नव्हता.

पुढे मी इथली टेस्ट दिली, पास झाले, आम्ही गाडी घेतली. सर्वांत जास्त आनंद बाबांना झाला. आता ते आलेत, महिन्याभरासाठी. डोकं शाबूत आहे, अजून माझ्या ऑफिसच्या गोष्टीतली चूक ते मधेच पकडतात. पण घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघतात, चार पावलं जाऊन परत येऊन ओढून बघतात. गॅस बंद आहे का, मला विचारतात, मग स्वतः बघतात, मग पुन्हा मला विचारतात. तपासून बघणं हा या माणसाचा आनंद होता. आता त्यांना तपासल्यावरही पटत नाही.

गेल्या शनिवारी मी त्यांना नदीकाठी घेऊन गेले. ते माझ्या शेजारी बसले होते. "छान चालवतेस," म्हणाले. "गाडीचं ऐकतेस." घरी येऊन उतरल्यावर ते नेहमीसारखे गाडीच्या मागे गेले आणि डाव्या कोपऱ्यावरून हात फिरवला. चालवली मी होती. तरी प्रत्येक वेळी ते हेच करतात, आणि मग "ठीक आहे" म्हणतात.

तसाच हात ठेवून ते थांबले. म्हणाले, "त्या दिवशी घाटात मी नीट चालवत होतो असंच आठवतं गं मला. अगदी स्पष्ट आठवतं. म्हणूनच भीती वाटते." मग हसले. "तू फाटकाशी काढलेला तो फोटो असता तर बघितलं असतं. हललेला होता ना?"

सुमेध घरातच होता. उजेड भरपूर होता. आम्ही दोघंच होतो, आणि त्यांनी सरळ विचारलं होतं.

"हो बाबा," मी म्हटलं, "हललेला होता."

फोटो हललेला नव्हता.